जुन्या डिस्कचं सोंग

हंबीरराव माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. सांगलीत काही सहकारी संस्थांनी मिळून कॉम्प्युटर केंद्र काढलं होतं, सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मी नानासो, इस्लामपूरचा. तो कोरेगावकडचा. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. मी त्याच्याशी भांडलो तेवढा बायकोशीही भांडलो नसेन.

आमचं काम म्हणजे सोंग वठवणं. यंत्र नवं आलं, पण उसाच्या बिलांचे प्रोग्रॅम जुन्या यंत्रावरचे. ते पुन्हा लिहायला माणूस कुठून आणायचा? म्हणून नव्याच्या पोटात जुनं यंत्र असल्याचा भास उभा करायचा. माहिती साठवायची खरी डिस्क मोठी आणि चपळ, पण जुन्या प्रोग्रॅमला ती पहिल्यासारखीच दिसली पाहिजे. तेवढेच ट्रॅक, म्हणजे तिच्यावरचे गोल पट्टे, आणि ट्रॅकवर तेवढीच जागा. उत्तरसुद्धा पहिल्यासारखं सावकाश. जरा लवकर आलं की प्रोग्रॅमचं बेणं अडून बसायचं. हे सगळं ठरवून यंत्रात भरायचं काम हंबीररावचं. त्याच्या हातची डिस्क प्रोग्रॅमला कधी परकी वाटली नाही.

घरीही तो हेच करत होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याचा थोरला भाऊ सयाजी फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. आई राहीबाई मोतीबिंदूनं आंधळी. तिला सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. पुढं एकदा हंबीरराव भावाच्या ट्रंकेतले बूट घालून दारात आला, तर बुटांचा आवाज ऐकून म्हातारी म्हणाली, "सयाजी आला." हा म्हणाला, "व्हय." झालं, तेव्हापासून गावी गेला की हा सयाजी. तेच बूट घालायचा, भावासारखा खालच्या आवाजात, थांबत थांबत बोलायचा. आईनं धाकट्याचं विचारलं की सांगायचा, "हंबीर सांगलीला हाय, लय काम हाय त्येला."

"आरं, एकदा सांगून टाक की," मी चिडायचो.

"म्हातारी खचंल, नानासो."

"आन तुझं काय?"

"तिनं एकदा हंबीर म्हणून हाक मारावी, एवढंच वाटतंय गड्या."

मला त्याची दया यायची आणि संतापही यायचा.

शेवटी त्यानं मनाचा हिय्या केला. पितृपंधरवड्यात वडलांचा म्हाळ होता, त्या दिवशी सांगायचं ठरवलं आणि सोबतीला मला नेलं. चुलती शालूबाईनं स्वयंपाक केला होता. कावळ्याला घालायचे घास मात्र राहीबाईनं स्वतः चाचपून वाढले होते, दोन पानांवर.

"आये, दुसरा घास कुणाचा?" त्यानं विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. म्हातारीनं सयाजीचं मरण आपणहून मानलं, असंच दोघांना वाटलं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला.

"हंबीरचा," राहीबाई म्हणाली. "आंधळी हाय मी, खुळी न्हाई. जितं लेकरू एवढ्या वर्सांत आईकडं फिरकत न्हाई व्हय? माझा एक लेक गेलाय, ही कुजबुज मी कवाच ऐकलीया. तू माझा जीव जपतुयास सयाजी, पर आता बास."

मी त्याला कोपरानं ढोसलं. तो तिच्यापुढं बसला आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात, घाईनं म्हणाला, "आये, आगं मी..."

"रडू नगंस," तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तू हायस म्हणून मी जिती हाय. तू जर गेला आसतास, तर मी हिरीत उडी टाकली आसती."

त्यानं तिचे हात तोंडावरनं हळूच सोडवले. मग सयाजीसारखा सावकाश म्हणाला, "व्हय आये. हंबीर गेला."

म्हातारी त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि तो तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. मला तिथं बसवेना. मी अंगणात गेलो.

थोड्या वेळानं तो दोन्ही पानं घेऊन कौलांवर चढला. वडलांचा घास कावळ्यानं लगेच उचलला. दुसऱ्याला काही शिवेना. शालूबाई म्हणाली, पोराचा जीव कशात तरी अडकलाय. राहीबाई चाचपडत अंगणात आली, वर तोंड केलं आणि हाक मारली, "हंबीर, ये रं बाळा. जेवून जा."

हंबीरराव कौलांवर उभा होता. त्यानं ओ दिली नाही.