बनुबाईचा सोटा

आमच्या गल्लीत बनुबाईच्या हातचा मार न खाल्लेला माणूस दाखवा, मी मिशी उतरवतो. मी शेजारी ऱ्हातो, मीबी खाल्लाय. तिची म्हस माझ्या कडब्यात शिरली म्हणून मी म्हशीला काठी घातली, तर तीच काठी हिसकून माझ्या पाठीत! अशी बाई.

शहाण्णव साली तिच्या मालकाला, जोतीरामला, आतड्याचा कॅन्सर निघाला. गडी फौजेतनं रिटायर झालेला. परसाकडंला रगात पडायचं, तर मूळव्याध म्हणून झाडपाला खात बसला. शेवटी सांगलीला नेला. विश्रामबागेतल्या डॉक्टरनं आतड्याचा तुकडा काढून पोटाला घाण पडायची पिशवी लावली. धाकटा भाऊ नाथाजी संगट हुता. डॉक्टरनं इचारलं, "घरात आणखी कुणाला रक्त पडतं का?" नाथाजी म्हणला, "न्हाई." रोग कशानं झाला म्हणल्यावर डॉक्टर बोलला, "आतड्यात लाखो जंतू, विषाणू असतात. त्यांचाही हात असेल, अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. पण हा रोग शिवल्यानं लागत नाही."

नाथाजीनं गावात येऊन निम्मंच सांगितलं. विषाणू! झालं, बोंब उठली. प्लेगात करायचे तसं त्यानं भावाचं अंथरूण अंगणात पेटवलं, ताटवाटी दगडानं ठेचली, आन ओल्या जखमेच्या माणसाला दंडाला धरून गोठ्यात ढकललं. पिशवी फुटली. जोतीराम घाणीत पडून गुरावानी वरडला. मी धावलो, तर नाथाजीच्या मेव्हण्यानं मला भिताडावर आपटलं. गल्ली नाकाला पदर लावून बघत हुती. जळ्ळं तोंड असल्यांचं!

बनुबाई पाण्याला गेलेली. आली, कळशी टाकली आन सोटा उचलला. पैला दणका नाथाजीच्या खांद्यात, दुसरा गुडघ्यावर. त्यानं कुऱ्हाड घेतली. पातं तिच्या दंडाला चाटून गेलं, रगताची धार लागली, पर बाई मागं सरली न्हाई. त्याला उताणा पाडून छातीवर गुडघा दिला.

"ह्यास्नी घरात घेतोस, का टाळकं फोडू?"

"माझ्या पोरास्नी लागंल, वैनी!" नाथाजी रडाय लागला. "मला लागलंय! मलाबी रगात पडतंय!"

सोटा वरच ऱ्हायला. "कवापासनं?"

"दादा फौजेतनं यायच्या आदीपासनं."

म्हंजी भावाच्या आदीच! गल्लीचे नाकावरचे पदर खाली आले. बनुबाईनं एक मुस्काटात हाणली. "आन डॉक्टरम्होरं न्हाई म्हणलास? भाड्या!"

"भ्या वाटलं, वैनी."

"ऊठ. आदी ह्यास्नी उचल. सोता उचल."

नाथाजीनं लंगडत भावाला छातीशी धरून घरात नेलं. मग तिनं त्याला गचांडीला धरून सांगलीच्या एस्टीत कोंबलं, सोताच्या दंडाला फडकं तेवढं गुंडाळून. डॉक्टर म्हणला, लय उशीर झाला.

जोतीराम वाचला. नाथाजी दिवाळीपातूर टिकला न्हाई. शेवटी शेवटी त्याची घाण बनुबाईच काढायची, शिव्या घालत. आन त्यानं टाकलेला उष्टा भात ती बाहेर उंबऱ्यावर बसून, समद्या गल्लीच्या डोळ्यांदेखत खायची.