फोटोत जोडलेला माणूस

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर तो गेवराईच्या मन्मथअप्पा फोटोग्राफरांचा. उमापूरच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. अप्पांच्या स्टुडिओमागच्या खोलीत राहून मी शिकलो. "काय गुरुजी, झाला का अभ्यास?" असं ते मला तेव्हापासूनच चिडवायचे. आता मी खरोखरच अंबाजोगाईला शिकवतो. गेल्या महिन्यात वर्गावर असताना शिपाई दारात आला. "सर, गेवराईहून फोन होता. अप्पा गेले म्हणून सांगा म्हणले." मी फळ्याकडे वळलो, पण काय लिहीत होतो तेच आठवेना...

पोचलो तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवलं होतं. कपाळभर भस्म, पाठ ताठ. गिऱ्हाइकाला ते सांगायचे ना, "मान वर, आता हालू नका," अगदी तसे बसले होते. मला उगीच वाटत राहिलं, की समोर कुणीतरी कॅमेरा लावून उभं आहे.

कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. माझा थोरला भाऊ भास्कर तिकडे डोंगरात होता. गेवराईत टीव्हीच्या दुकानासमोर माणसं रस्त्यापर्यंत उभी राहायची. अप्पा कॅमेरा घेऊन तिथं जायचे आणि टीव्हीकडे पाठ करायचे. "उलटं कावून उभं राहिलाव, अप्पा? लढाई मागं चालू हाय!" लोक हसायचे. अप्पा म्हणायचे, "लढाई तिकडं हाय, पण ती तुमच्या तोंडावर दिसायलीय." त्या दिवसांत त्यांनी काढलेल्या एकाही फोटोत ना सैनिक होता, ना बंदूक. तोंडात पदर धरलेल्या बायका, ट्रान्झिस्टरला कान लावलेला म्हातारा, कुणाच्या तरी अंगणातली बाज आणि तिच्यावर गुंडाळून ठेवलेली वळकटी. हे फोटो माझ्या खोलीत दोरीवर वाळत असायचे. त्यातली सगळी माणसं माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघत आहेत असं वाटे. मी दोन-चारदा वळूनही पाहिलं.

भास्करला पाठवायला फोटो हवा म्हणून आई-वडील आले. अप्पांनी आई आणि माझ्यामध्ये एका माणसाची जागा सोडली. "आला की हितं उभा करू, माय." आईनं हात उचलला आणि भास्करचा खांदा जिथं असता तिथं हवेत धरला. फोटो तसाच निघाला. उमापुरात शेजारणीनं तो पाहिला आणि म्हणाली, "जागा मोकळी कावून ठिवली गं? मोकळी जागा ठिवली की..." आणि तिनं जीभ चावली.

पुढच्या बाजाराला आई पिशवीत भास्करचा जुना सदरा घेऊन हजर. "अप्पा, ती जागा भरा."

भास्करचा भरतीच्या वेळचा अंगठ्याएवढा फोटो होता. तो मोठा केला तर चेहऱ्याचे नुसते ठिपके व्हायचे. आईनं सदरा माझ्या अंगावर टाकला. "ह्याला उभा करा. दोघं एका साच्याचे हायेत."

"आई, मी आधीच हाय की त्यात!"

"मग दोनदा ऱ्हा. काय बिघडतंय?"

अप्पा मोठ्यानं हसले. पण कामाला बसले तेव्हा हसत नव्हते. माझा फोटो कापून मोकळ्या जागेत चिकटवला, बारीक ब्रशनं मिशा दिल्या, भुवया जाड केल्या, गाल भास्करसारखे आत ओढले आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घेतला. तयार झालेला माणूस मी नव्हतो. भास्करही नव्हता. अप्पांनी तो बल्बखाली धरला आणि हळूच म्हणाले, "कोण बे तू?"

आईला मात्र बरं वाटलं. तिचा हात आता खांद्यावर टेकला होता. एक प्रत भास्करला गेली. त्याचं उत्तर आलं, की फोटो मिळाला, सगळे बरे दिसता, फक्त मी तुमच्यात केव्हा उभा राहिलो ते आठवत नाही. अप्पांनी ते वाचलं आणि त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं.

लढाई संपली, भास्कर सुट्टीवर घरी आला. धडधाकट, पण वाळलेला, अबोल. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात आल्यावर ती एकदा त्याच्याकडे बघे, एकदा भिंतीवरच्या फोटोकडे. मग पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाली, "घ्या."

"आये, मला अहो-जाहो कावून करायलीस?" भास्कर हसला. आई हसली नाही. त्याची अर्धी सुट्टी सरली तरी तिच्या तोंडून 'तू' निघेना. भास्कर अंगणातच झोपायला लागला. मला म्हणाला, "तिचा ल्योक त्या भिंतीवर हाय. मी जातो परत."

मी गेवराईला जाऊन अप्पांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्याची पेटी घेऊन ते एसटीनं उमापुरात उतरले. आम्हाला दारात उभं केलं. आईचा हात स्वतः धरून भास्करच्या खांद्यावर ठेवला. "दाबून बघा, माय. कागद न्हाई, हाडं हायेत." आईनं दाबलं. अप्पांनी फोटो काढला, पेटी मिटली, तरी तिचा हात सुटेना. मग ती म्हणाली, "किती वाळलास रे तू..."

त्या भेटीनं माझा भाऊ मला परत मिळाला. खोलीपेक्षा, पदवीपेक्षा हे ऋण मोठं. नवा फोटो हाती आल्यावर मी उमापूरहून अप्पांना एक पत्र पाठवलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, मीही कधी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांनी कुणाच्याच फोटोत माणूस जोडला नाही, असं त्यांचा मुलगा सांगत होता. पत्र आधी कच्चं लिहायची मला सवय, म्हणून त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ राहिली...

तीर्थस्वरूप अप्पांस, साष्टांग नमस्कार.

फोटो पोचला. भाऊ ड्यूटीवर रुजू झाला, खुशाल आहे. आईनं दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावलेत. जुना काढायला गेलो तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "भास्कर आला. तू हितं हायस. मग ह्यो कोण?" मी म्हणालो, मीच तो, तूच उभं केलंस. ती म्हणाली, "तू उभा व्हतास, मला ठावं हाय. पण ह्यो तू न्हाईस." अप्पा, तिचं डोकं ठिकाणावर आहे. घरचं, रानातलं सगळं नीट करते. फक्त दिवा लावताना त्याच्यापुढे थांबते. काल म्हणाली, "आपला आला. ह्यो कुणाचा हाय, त्याच्या आईला कळवा म्हणावं अप्पाला."

कुणाला कळवायचं, ते तुम्हीच सांगा.

आपला,
राम