दोरा एक बोट खाली

"काढणार न्हाई म्हंजे न्हाई!"

"अव्वा, उजव्या दंडाला बांधू. मठातल्या अय्यांनीच सांगितलंय, चालतं म्हणून."

"अय्यांना काय जातंय? त्यांच्या गळ्यातलं कोण काढायलंय?"

लातूरच्या दवाखान्यात, शेकाच्या खोलीबाहेर गुरम्मा आणि तिची लेक सुकन्या भांडत होत्या. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. आजपासून शेक, म्हणजे रेडिएशन. गळ्यात काही चालणार नाही, असं मशीनवरची मुलगी बजावून गेली होती. आणि गुरम्मा लिंगायत, तिच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. जन्मल्यावर बांधलेलं लिंग आजवर अंगावेगळं झालं नाही, हा तिचा अभिमान.

उदगीरच्या मोंढ्यामागे तिच्या कडक भाकरीला नाव होतं. भाकरी थापताना डबी झुलायची आणि डाव्या अंगाला जाऊन टेकायची. तिथंच एकदा मुगाएवढं काहीतरी हाताला लागलं. डबीनं घट्टा पडला असणार, असं म्हणून तिनं दोरा एक बोट लांबवला. मुगाची सुपारी झाली. दोरा आणखी एक बोट खाली. दुखत नव्हतं, मग दाखवायचं कशाला? शेवटी दिवाळीला आलेल्या सुकन्यानंच विचारलं, "अव्वा, लिंग पार बेंबीपाशी का गं नेलंस?"

तेव्हा कुठं डॉक्टर गाठला.

"आता तरी ऐक," सुकन्या म्हणाली. "बारीकसं काही राहिलं असलं तर ते शेकानंच मरतंय."

"शेक नको म्हणलं का मी? लिंगासकट द्या म्हणावं."

"भाकरी हाय का ती, चटणीसकट द्यायला?"

गुरम्माला हसू आलं, पण ओठापर्यंतच. पदराखालून डबी चाचपत ती म्हणाली, "पहिलं हे टेकायचं गं. कूस बदलली तरी जागेवर असायचं. आता सपाटीवर नुसतं घरंगळतंय, बगलेत जातंय. मला ते पहिल्यावानी टेकायला पायजे, सुकन्या. एकदाच."

ते कुणीच आणून देऊ शकत नव्हतं. सुकन्या जे सांगायचं नव्हतं तेच बोलून गेली.

"ऑपरेशनला काढलं होतं, अव्वा."

"दंडाला होतं म्हणलीस की!"

"मी खोटं बोलले. त्यांनी काहीच ठेवू दिलं न्हाई."

"मग कुठं होतं?"

"माझ्याजवळ. डाव्या तळहातावर, तू पूजेला धरतीस तसं. तू बाहेर येईपर्यंत. शेजारच्या बाईनं चहा दिला, तोपण घेतला न्हाई."

"तू? स्वतःचं लिंग पुण्यात कपाटात ठेवणारी?"

"हाव."

"आंघोळ तरी केली होतीस का?"

"एस्टीतून उतरून सरळ आले होते."

गुरम्मा तिच्या हाताकडं बघत राहिली.

"जड झालं का गं?"

"लई."

दार उघडलं. "गुरम्मा कोण?"

गुरम्मानं मानेकडं हात नेले. डावा खांद्याशीच अडला. तिनं लेकीकडं पाठ केली. सुकन्यानं गाठ सोडली. गुरम्मानं डबी डोळ्यांना लावली, थोडा वेळ तशीच धरली, आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

"अव्वा, रागावलीस?"

गुरम्मानं मोकळ्या गळ्यावरून पदर ओढला आणि आत निघून गेली.