बाबांच्या चढावरचे थांबे

दहाव्याला कावळा शिवेना. भावाने आईला सांभाळायचं वचन देऊन झालं, आत्याने माफी मागून झाली, तरी कावळा पिंडाकडे ढुंकून बघेना. ऊन चढलं तसं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या कुत्र्याला मी रोज तुमच्याच वाटेने फिरवून आणेन. आता तरी जेवा." आणि कावळा आला. त्याला भूक लागली असेल, मी यातलं काही मानत नाही. पण शब्द दिला तो दिला.

खरं तर मला कुत्री मुळीच आवडत नाहीत. सोफ्यावर केस, घरभर लाळ, नुसता वैताग. तरी हा काळा धटिंगण माझ्या गळ्यात पडला.

बाबांची सकाळची वाट ठरलेली. उपवन तलावाला वळसा घालायचा आणि येऊरचा चढ चढून जंगलाच्या फाटकापर्यंत जायचं. आत कुत्र्यांना मनाई, म्हणून तिथून परत. फोनवर सांगायचे, "एका दमात चढतो मी. टुणटुणीत आहे." आम्हीही खूश.

पहिल्याच दिवशी चढाला लागलो आणि कुत्रा विजेच्या एका खांबापाशी थांबला. वाटलं, त्याचं नेहमीचं काम असेल. पण तो खाली बसला आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. पट्टा ओढला, बिस्किट दाखवलं, मेल्या ऊठ म्हटलं, तरी ढिम्म हलेना. शेवटी फरफटत नेला. पुढे आंब्याखाली पुन्हा तेच, मग छोट्या पुलाच्या कठड्यापाशी. रोज त्याच जागा, आणि फाटकाकडे जावं तशा एकमेकींच्या जवळ येत गेलेल्या.

एकदा मीच दमून गुडघ्यांवर हात टेकले आणि मोठ्याने श्वास सोडला. कुत्रा उठला आणि चालू लागला. पुढच्या थांब्याला मी मुद्दाम तसंच केलं. पुन्हा उठला. म्हणजे, बाबांचा श्वास जागेवर येईपर्यंत तो त्यांच्यासाठी बसून राहायचा.

एका दमात म्हणे. इतका राग आला मला त्यांचा, आणि रडूही आलं. आम्ही सगळ्यांना सांगितलेलं, अचानक गेले.

त्यानंतर रोज मी बाबांच्या श्वासाने चढ चढले. पुलाच्या कठड्यावर मी बसले की कुत्रा एका माणसाची जागा सोडून पलीकडे बसायचा. मधल्या जागेकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही.

"ट्रेनर लाव, महिन्याभरात सवय मोडेल," नवरा म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले. बाबांचे ते शेवटचे महिने फक्त कुत्र्याला ठाऊक होते. ती सवय मोडली असती तर मी विचारणार कोणाला?

ट्रेनर लागलाच नाही. या थंडीत एका सकाळी कुत्रा खांबापाशी थांबला नाही, आपल्या तंद्रीत पुढे निघाला. मी मात्र तिथेच उभी राहिले. पट्टा ताणला गेला तसं त्याने वळून बघितलं. मी गुडघ्यांवर हात टेकले, बाबांसारखा श्वास सोडला, परत एकदा सोडला. त्याला काही कळलं नाही. शेपूट हलवत तो मला वर ओढत राहिला.