आईचा पाय आणि टिकलीची पिशवी

मंडळी, आम्ही दुपारी ओटावाहून व्हँकुव्हरला पोचलो, पण विमानात जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

टिकली, म्हणजे आमची चार किलोची कुत्री, केबिनमध्येच माझ्या पुढच्या सीटखाली तिच्या पिशवीत होती. शेजारी माझी आई, नागपूरहून आलेली. सहा महिन्यांत तिने टिकलीला एकदाही हात लावलेला नाही. "कुत्रं अंगणात शोभतं," हे तिचं ठाम मत. आता कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये अंगण कुठून आणू?

रॉकीज पर्वतांवर विमान असं काही हादरायला लागलं की टिकली कळवळून रडायला लागली. पिशवी उघडायची परवानगी नाही. पुढची सीट मागे टेकलेली, त्यामुळे माझा हातही पोचेना. लोक वळून बघायला लागले.

तेवढ्यात आईने बूट काढला आणि पायमोज्यातला पाय पिशवीच्या जाळीला लावला. टिकलीने त्याला नाक टेकवलं आणि गप्प झाली. एकदम गप्प! विमान उतरेपर्यंत, चांगला तासभर, आईने पाय हलवला नाही. मुंग्या आल्या असणार.

उतरताना मी पिशवी उचलली, तर आई म्हणाली, "थांब गं." तिने वाकून पिशवीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"अगं, हे काय?"

"इतका वेळ पाय लागला ना तिला."

पाय लागला की आपण माणसांना नमस्कार करतो, पुस्तकांना करतो. कुत्र्याला केलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी आज पहिल्यांदा पाहिला, आणि तोही माझ्या आईने केलेला!