एकोच्या खोलीबाहेरचं बाकडं

सून कधीची मागं लागलीय, "मामा, बाकड्यावरचं सगळं लिहून काढा." मला कशाला हा ताप? चौथीत शाळा सुटली, आता तर हातात पेन राहत नाही. पण कलबुर्गीच्या दवाखान्यात एकोच्या, म्हणजे मशीननं हृदय बघायच्या, खोलीबाहेर जे बाकडं आहे, तिथं बसलेल्याला दोनच कामं. भ्यायचं आणि बोलायचं. म्हणून किस्से साचतात. घ्या मग.

*

पहिला बाकड्याच्या आधीचा. चिंताकीला थोरल्या भावाकडं, अण्णाकडं, कार्यक्रम होता, घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळे पूजेला बसलो. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं, ही आमची पूजा. माझं घरंगळलं, थेट जमिनीवर. आमच्यात याहून वाईट काही नाही.

हात कधीचे बधिर होते. चिटगुप्प्यात पत्र्याच्या पेट्या करत जन्म गेला. वाटलं, पत्रा ठोकून ठोकून झालं असंल.

अण्णानं सगळ्यांसमोर विचारलं, "पिऊन बसलास व्हय?"

मी जन्मात थेंब चाखलेला नाही. तसं सांगितलं. तर म्हणाला, "तुझ्या मातीला बी येणार न्हाई मी."

*

मग पाय सुजले, दम लागायला लागला. गावातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला, बीपीनं हृदय मोठं झालंय म्हणाला आणि गोळी लावली. गोळी घेऊन दुकानात उठलो, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि उघड्या पेटीतच पडलो. लग्नाची पेटी होती, गुलाब रंगवलेले. सून धावत आली, रडायला लागली.

मी आतून म्हणालो, "झाकण लावू नको. हाय अजून."

*

तेव्हा कलबुर्गी. सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा, मशीन छातीवर फिरवायचंय.

"हे माणूस पुरताना हातात देत्यात बाई. तू आत्ताच काढायलीस कामून?"

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. बरं, हातात धरा म्हणाल्या. डाव्या कुशीवर झोपलो, डावा हात डोक्याकडं, त्यात इष्टलिंग. अर्धा एको झाला नसेल, ते निसटलं आणि उशीवर पडलं. मॅडमनी मशीन थांबवलं.

"नेहमी पडतं का?"

"पडतंय."

"दोन्ही हात बधिर?"

"व्हय. कधीचे."

त्यांनी पडद्यावर हृदयाच्या भिंती दाखवल्या. जाडजूड, चकाकणाऱ्या. आणि ईसीजीच्या कागदावर रेघा मात्र मरतुकड्या. बीपीचं जाड हृदय असतं तर रेघा उंच आल्या असत्या. भिंतीत मांस वाढलेलं नव्हतं, नको ते साचलं होतं. तेच मनगटात साचून शीर दाबतं, म्हणून हात बधिर. पुढं हैदराबादेत तपासण्या झाल्या, तेच निघालं. त्या साचलेल्याला अमायलॉइड म्हणतात.

म्हणजे मी प्यालो नव्हतो. हे अण्णाला कुणी सांगावं?

*

बाकड्यावर ठाणाकुशनूरचे कांबळे गुरुजी भेटायचे. रिटायर मास्तर, आजार तोच. हृदय आवळताना किती आखडतं, त्याचा आकडा एकोत उणे येतो. जितका खाली तितकं चांगलं, शून्याकडं सरकला की वाईट. गुरुजी पहिल्यांदा मॅडमना म्हणाले, "मी कुठल्या पोराला उणे मार्क दिले न्हाईत."

पुढच्या खेपेला आकडा शून्याकडं आला होता. गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "मार्क वाढायलेत."

सगळं बाकडं हसलं. त्यांचा मुलगा हसला नाही.

त्यानंतरच्या खेपेला त्यांची जागा मोकळी होती. सून म्हणाली, तिथं बसा मामा. मी उभाच राहिलो.

*

मॅडमना मी स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचं हृदय दाबतंय बरं, पण सैल होत नाही, म्हणून नीट भरत नाही.

"कळलं. पत्रा जाड घातला की पेटीत कपडे कमी बसत्यात."

"लांबचं काही ठरवू नका," त्या म्हणाल्या.

"ह्या शनिवारचं ठरवू का?"

त्यांनी माझा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, हे कधी कधी घराण्यात असतं, भावाचाही एको करून घ्या. सुनेनं चिंताकीला फोन लावला. अण्णाचा निरोप आला, माझे हात चांगले आहेत, त्याला म्हणावं आपलं बघ.

*

गेल्या महिन्यात अण्णा स्वतः आला. मी किती सुकलोय ते बघायला आला असेल. सकाळी शेजारी शेजारी पूजेला बसलो. माझं इष्टलिंग मी आता पाटावर ठेवतो. त्यानं ताठ बसून तळहातावर घेतलं.

पडलं.

त्यानं दोन्ही हातांनी उचललं, बोटं नीट वळत नव्हती. म्हणाला, "गुडघा हालला."

परवा एकोच्या बाकड्यावर दोघं बसलो, मधी गुरुजींची जागा सोडून. तो म्हणाला, "तुझ्या मातीला येतो मी."

मी म्हणालो, "कोण कुणाच्या मातीला जायलंय, ते आत मॅडम सांगतील."

तेवढ्यात सिस्टरनं दार उघडलं आणि अण्णाचं नाव पुकारलं. अण्णानं गळ्यातलं मुठीत घट्ट धरलं आणि उठला. दारात थांबला, मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता म्हणतोय. आत गेला.

"चुकलो" एवढंच म्हणायचं होतं. अजून म्हणाला नाही मल्लप्पा अण्णा.