सुरंगीच्या झाडाशी मी कन्नड बोललो

चहाचा घोट घेऊन झाला असेल तरच सांगतो, मध्येच ठसका लागला तर मला दोष देऊ नका. माणूस अडाणीपणामुळे फसतो असं तुम्हाला वाटतं ना? मी फसलो तो एक जास्तीची भाषा येते म्हणून. तीही दोनच शब्दांची.

इब्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा वाडा, म्हणजे घरांची वस्ती, आहे. वाड्याच्या तोंडाशी एक वळण आणि त्या वळणावर जुनी सुरंगी. आमच्याकडे पत्ता सांगताना घर नंबर कोण सांगतो? ‘सुरंगीकडे उतरा’ म्हटलं की झालं. फुलांच्या दिवसांत शेवंतीकाकी पहाटे झाडाखाली चादरी पसरते, कळ्या गोळा करते आणि त्यांचे वळेसार, म्हणजे गजरे, करून पेडण्याच्या बाजारात विकायला बसते. त्या दिवसांत आमच्या बसलासुद्धा वास येतो. एरवी तिला डिझेलचाच येतो.

पण झाड वाढत वाढत रस्त्यावर आलं. समोरची गाडी दिसेना. बसचं टप फांद्यांना घासायला लागलं. पावसाळ्यात शेजारच्या सरपोतदारांची मुलगी स्कूटरवरून येत होती, समोरून आलेली बस तिला दिसलीच नाही. ती वाचली, पण पाय मोडून घरी बसली. मग ग्रामसभेत दोन तट पडले. एक म्हणे झाड मुळापासून काढा, दुसरा म्हणे हात लावून दाखवा. सरपोतदार उभे राहिले तर रडायच्या बेतात होते. शेवंतीकाकी उभी राहिली ती थेट रडलीच.

अशा वेळी गप्प बसावं की नाही? मी उठलो. म्हटलं, झाड कशाला तोडता? रस्त्यावर आलेल्या फांद्या तेवढ्या काढा, वाड्याकडच्या फांद्या ठेवा. वळणही मोकळं, फुलंही शाबूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, त्यात सरपंचांनी सांगून टाकलं की मग दिगंबरनेच उभं राहून हे काम करून घ्यावं.

ठरलेल्या दिवशी रजा टाकून मी सकाळीच वळणावर हजर. कंत्राटदार आला, त्याच्याबरोबर पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन एक दणकट माणूस आणि दोरी धरायला त्याचा जोडीदार. कंत्राटदार म्हणाला, हे कालच बेळगावहून आलेत, कामाला वाघ आहेत.

बेळगावहून! माझी छाती फुगली. मी तुयेला कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर. आमच्या कँटीनमध्ये त्या बाजूचे पुष्कळ कामगार जेवतात. भात वाढताना त्यांचं ऐकून ऐकून मी दोन शब्द शिकलो होतो. बेकु म्हणजे पाहिजे, ब्याडा म्हणजे नको. परक्या गावात आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं तर त्याला किती बरं वाटेल?

मी त्याला झाडाखाली नेलं. वाड्याकडच्या, फुलांनी लगडलेल्या फांद्यांकडे बोट दाखवून म्हटलं, ‘‘बेकु. ही बेकु. तीपण बेकु.’’ मग रस्त्यावर आलेल्या फांद्यांकडे वळलो. ‘‘ब्याडा. ही ब्याडा. ती तर एकदम ब्याडा.’’

त्याने गंभीरपणे मान हलवली. म्हणाला, ‘‘आयतु.’’

आयतु म्हणजे ठीक आहे, एवढं मलाही कळलं. म्हणजे तिसरा शब्दही आला म्हणायचा.

कंत्राटदार वळणाच्या पलीकडे गाड्या अडवायला गेला, मी अलीकडे. मी जिथे उभा होतो तिथून झाड दिसत नव्हतं, नुसती करवत ऐकू येत होती. थोड्या वेळाने बस आली. ड्रायव्हर ओळखीचा. बेळगावच्या माणसांचं मी सांगितलं, तसा खाली उतरून म्हणाला, कन्नड माणसांना तू समजावलंस कसं? मी त्याला ऐकवलं की माणसं सांभाळायची तर भाषा यावी लागते. तेवढ्यात एक प्रचंड फांदी कोसळल्याचा आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, मोठी दिसते. मी म्हटलं, मोठ्याच तर काढायच्या होत्या.

करवत थांबली तेव्हा मी चालत वळणावर आलो. काहीतरी चुकलंय हे कळलं, पण काय ते आधी कळेना. झाडाखाली ऊन पडलं होतं. त्या जागी ऊन पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग वर बघितलं. वाड्याच्या बाजूला काही म्हणजे काही नव्हतं. नुसतं आकाश. आणि रस्त्याच्या बाजूला प्रत्येक फांदी जशीच्या तशी, एकही पान न हललेली. अर्धी दाढी करून न्हावी जेवायला गेल्यासारखं झाड उभं होतं. कळ्यांनी भरलेल्या फांद्या खाली धुळीत पडल्या होत्या आणि वास असा सुटला होता की मला उभं राहवेना. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो.

वाड्यातली माणसं एकेक करून जमली. शेवंतीकाकी आली, तिने झाड पाहिलं, फांद्या पाहिल्या, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो आणि त्या माणसावर तुटून पडलो. आता कसलं कन्नड? सगळं मराठीत. तुला काय सांगितलं होतं आणि तू काय केलंस, म्हणून विचारलं.

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. घाम पुसत स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘‘साहेब, ह्या फांद्यांकडं बोट करून तुम्हीच बेकु म्हटलासा की. पायजे म्हटल्यावर मी पाडल्या. त्या ब्याडा म्हटलासा, त्यांना हात लावला न्हाई.’’

‘‘तुला मराठी येतं?’’

‘‘आमच्या घरात मराठीच बोलत्यात. मला वाटलं, तुम्ही कानडी हायसा.’’

गर्दीतून कोणीतरी हसलं. मग सरपोतदार हसले, आणि मग उतरून आलेली सगळी बसच हसली.

काम अर्धवट सोडणंही शक्य नव्हतं. सगळा भार रस्त्याकडे गेला होता, पहिल्या वाऱ्याला झाड बसवर आडवं झालं असतं. म्हणून रस्त्याकडच्या फांद्याही काढाव्या लागल्या. त्या वेळी मी तोंड उघडलं नाही, सगळ्या सूचना कंत्राटदाराने दिल्या. वळण मोकळं झालं. झाड जिवंत आहे, पण नुसतं खोड आणि चार आखूड ठोंब, तेव्हा वळेसार पुन्हा कधी होतील ते सुरंगीलाच माहीत. पुढे बसमध्ये कंडक्टर मला बघून ‘तिकीट बेकु?’ विचारायला लागला, ते सोडा.

त्या दिवशी शेवंतीकाकी मात्र पडलेल्या फांद्यांमध्ये संध्याकाळपर्यंत कळ्या वेचत बसली होती. मीही मुकाट्याने तिच्याबरोबर वेचत होतो. अंधार पडायला आला तेव्हा तिने माझ्या बायकोसाठी म्हणून एक वळेसार माझ्या हातात ठेवला.

‘‘बायलेक दी,’’ ती म्हणाली. ‘‘आणि देताना आपल्या भाशेत बोल.’’